सोळा पूर्ण की सोळावे लागले?

१८६९ साली लंडनमध्ये हिंदुस्थानच्या सनदी नोकरीच्या परीक्षेचा निकाल लागला आणि यशस्वी उमेदवारांच्या यादीत एकदम चार हिंदी नावे दिसली. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त व सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे बंगालचे, तर चौथे श्रीपाद बाबाजी ठाकूर मुंबई इलाख्यातले. परीक्षा सुरू होऊन चौदा वर्षे झाली होती आणि तोवर हा उंबरठा ओलांडणारा हिंदी माणूस एकच होता.

आनंद फार दिवस टिकला नाही. बॅनर्जी आणि ठाकूर या दोघांची निवड नोकरभरती आयोगाने रद्द केली. गुण कमी नव्हते, वर्तनाविषयी तक्रार नव्हती. आयोगाचे म्हणणे एवढेच की, या दोघांनी वय चोरले आहे.

ही भरती कशी चाले, हे आधी पाहिले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सनदी नोकरी ही शुद्ध वशिल्याची बाब होती. संचालकांच्या हाती नेमणुकांचा वाटा असे. भाचा, पुतण्या, मित्राचा मुलगा अशा कोणाच्याही नावाची शिफारस होई. मग तो तरुण हेलिबरीच्या महाविद्यालयात दोनेक वर्षे काढी आणि पुढे कुठल्यातरी जिल्ह्याचा धनी होऊन बसे. १८३३ च्या सनदेत धर्म, जन्मस्थान वा वर्ण यांमुळे कोणालाही पदापासून वंचित ठेवले जाणार नाही, असे कलम होते खरे. पण शिफारस करणारे संचालक लंडनमध्ये बसलेले असताना त्या कलमाचा उपयोग पुण्याच्या वा कलकत्त्याच्या मुलाला काय होणार?

१८५३ च्या कायद्याने संचालकांचा हा हक्क काढून घेतला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये नव्या परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा झाली. एकूण गुण ६८७५. त्यांत इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास यांना १५००, गणिताला १०००, ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०. संस्कृत आणि अरबी यांना मात्र प्रत्येकी ३७५, म्हणजे फ्रेंच, जर्मन किंवा इटालियन यांच्याइतकेच. हिंदुस्थानचा कारभार पाहू इच्छिणाऱ्याला संस्कृतपेक्षा ग्रीक दुप्पट मोलाचे! मेकॉलेला यात विसंगती वाटत नव्हती. इंग्लंडातील उत्तम विद्यार्थी जे शिकतो त्यात जो चमकला, तो पुढे काहीही शिकू शकेल, अशी त्याची धारणा होती. इंग्रज उमेदवारांपुरती ती चुकीचीही नसेल.

हिंदी उमेदवाराला मात्र हे सारे परक्या भाषेत, परक्या शहरात आणि घरच्या पैशाने करावे लागे. त्यावर समुद्रोल्लंघनाचा दोष, परतल्यावर प्रायश्चित्त आणि जातीचा बहिष्कार. तरीही १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. त्यांची नेमणूक बंगालमध्ये नव्हे, तर मुंबई इलाख्यात झाली. पहिल्या हिंदी सनदी अधिकाऱ्याची कारकीर्द अशा रीतीने गुजरात आणि महाराष्ट्रात गेली. साताऱ्यास ते न्यायाधीश होते आणि तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी बंगालीत भाषांतर केले.

१८६८ च्या मार्चमध्ये दत्त, गुप्त आणि बॅनर्जी हे तिघे मित्र एकाच जहाजाने निघाले. दत्त आणि गुप्त घरच्यांना न कळवता पळाले. सुरेंद्रनाथांना मात्र वडिलांचा, डॉक्टर दुर्गाचरण बॅनर्जी यांचा, पाठिंबा होता. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता. सुएझला उतरून रेल्वेने भूमध्य समुद्र गाठायचा आणि तेथून पुन्हा जहाज धरायचे. लंडनमध्ये वर्षभर अहोरात्र अभ्यास झाला. निकालात दत्त थेट तिसरे आले.

आता वयाचा हिशेब. त्या वर्षी कमाल वयोमर्यादा २१ होती. सुरेंद्रनाथांनी १८६३ च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा नोंदवहीत त्यांचे वय १६ लिहिले गेले होते. आयोगाने साधी बेरीज केली. १८६३ च्या डिसेंबरात सोळा, म्हणजे १८६८ च्या डिसेंबरात एकवीस पूर्ण. उमेदवार अपात्र.

बेरीज बिनचूक होती. चूक होती ती ‘सोळा’ या शब्दाचा अर्थ लावण्यात. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. प्रवेश परीक्षेच्या वेळी त्यांना पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे लागले होते, आणि हिंदुस्थानात तेव्हा वय सांगण्याची रीत हीच होती. आजही खेड्यातल्या आजीला नातवाचे वय विचारावे. ‘त्याला सोळावं लागलं’ असे ती सांगेल. किती वर्षे सरली हे मोजण्याऐवजी कितवे वर्ष चालू आहे, हे सांगायचे. इंग्रज सरलेली वर्षे मोजतो, हिंदू चालू वर्ष मोजतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, पण मध्ये जवळजवळ एका वर्षाचे अंतर पडते आणि नेमक्या त्याच अंतरात दोन तरुणांच्या नोकऱ्या अडकल्या.

कागदपत्रांच्या पडताळणीचा हा प्रश्न आजच्या उमेदवारालाही अनोळखी वाटू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. फरक एवढाच की, १८६९ मध्ये दाखवायला जन्माचा सरकारी दाखलाच नव्हता. होती ती जन्मपत्रिका, घरच्यांची साक्ष आणि भाषेची एक जुनी लकब. तिन्ही गोष्टी लंडनच्या कार्यालयात फारशा वजनदार ठरणाऱ्या नव्हत्या.

सुरेंद्रनाथ गप्प बसले नाहीत. विशीतल्या या परक्या तरुणाने क्वीन्स बेंच न्यायालयात धाव घेतली आणि परमादेशाची मागणी केली. परमादेश म्हणजे अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य पार पाडण्यास भाग पाडणारा न्यायालयाचा हुकूम. आयोगाचे म्हणणे टिकण्याजोगे नव्हते. प्रकरण पुढे सरकताच आयोगाने माघार घेतली आणि बॅनर्जींची निवड पुन्हा कायम झाली. ठाकूरांचेही नाव यादीत परत आले. साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्याच्याच न्यायालयात, साम्राज्याच्या आयोगाला हिंदी पद्धतीने वय मोजायला शिकवावे लागले, असे म्हटले तरी चालेल.

या धामधुमीतच, फेब्रुवारी १८७० मध्ये, दुर्गाचरण कलकत्त्यास वारले. पितापुत्रांची पुन्हा भेट झालीच नाही.

१८७१ मध्ये अंतिम परीक्षा देऊन सारे मायदेशी परतले. ठाकूरांना मुंबई इलाखा मिळाला, सुरेंद्रनाथांना सिल्हेट. पण सुरेंद्रनाथांचे ग्रह काही सुधारले नव्हते. एका आरोपीच्या खटल्यातील चुकीच्या नोंदीवरून त्यांची चौकशी झाली आणि १८७४ मध्ये त्यांना बडतर्फ करून दरमहा ५० रुपये निर्वाहभत्ता बांधून दिला गेला. इतक्या चुकीबद्दल इंग्रज अधिकाऱ्याला सहसा समज देऊन सोडले जाई, ही भावना तेव्हाच सर्वत्र होती आणि ती निराधार नव्हती. दाद मागायला ते पुन्हा लंडनला गेले. ती मिळाली नाहीच, उलट बॅरिस्टरीचे दारही बडतर्फीचे कारण दाखवून बंद केले गेले. अखेर विद्यासागरांनी त्यांना आपल्या संस्थेत इंग्रजी शिकवण्यास बोलावले.

सरकारने या माणसाला बडतर्फ करून आपले नुकसानच केले, कारण पुढचा वाद पुन्हा वयाचाच निघाला. १८५५ मध्ये २३ असलेली कमाल मर्यादा आधी २२, मग २१ वर आली होती. १८७६ मध्ये भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांनी ती १९ वर आणण्याचे ठरवले. एकोणीस वर्षांच्या आत इंग्रजी आत्मसात करून, विलायत गाठून, ग्रीक-लॅटिनच्या मुलांशी टक्कर देणे हिंदी मुलाला जवळजवळ अशक्य होते. ‘हिंदी माणसाला प्रवेश नाही’ असे शब्द कोठेही लिहिले नव्हते. त्यांची गरजच उरली नव्हती.

सुरेंद्रनाथ या प्रश्नावर देशभर फिरले. लाहोर, अलाहाबाद, मग मुंबई, पुणे, मद्रास. वयोमर्यादा वाढवा आणि हिंदुस्थानातही परीक्षा घ्या, या दोन मागण्यांसाठी प्रांतोप्रांतीची शिकलेली माणसे प्रथमच एका व्यासपीठावर आली. १८९५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पुण्यास भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी हेच बडतर्फ अधिकारी होते.

वयोमर्यादा १८९२ पासून २३ वर गेली. त्याच वर्षी दुसऱ्या एका बंगाली उमेदवाराचे प्रकरण गाजले. लेखी परीक्षेत अकरावे आलेले अरविंद घोष शेवटी घोडेस्वारीच्या चाचणीत बाद ठरले. पुन्हा पुन्हा बोलावूनही ते चाचणीला वेळेवर हजर राहिले नाहीत. नोकरी नकोच होती, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी अरविंदांना बडोद्याच्या सेवेत घेतले आणि तिथे अरविंद मराठी शिकले. भरतीचा एवढा खटाटोप ज्या आयोगाने केला, त्याने नाकारलेला माणूस गायकवाडांना एका भेटीत पारखता आला.

उमेदवाराचे एकंदर व्यक्तिमत्त्व जोखणारी स्वतंत्र मुलाखत या परीक्षेत आली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये या परीक्षेत पहिले आले.

हिंदुस्थानच्या भूमीवर ही परीक्षा प्रथम झाली १९२२ साली, अलाहाबादेस. सुरेंद्रनाथ त्या वेळी बंगाल सरकारात मंत्री होते. इंग्रजी हिशेबाने त्यांना ७३ पूर्ण झाली होती, घरच्या हिशेबाने ७४ वे लागले होते.