भाऊच्या धक्क्यापासून बॅलार्ड इस्टेटपर्यंत : जुन्या बंदरातला एक दिवस



स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगी लिही, असा समितीचा निरोप आला. मेळाव्याला आपल्यापैकी बरेच जण बाहेरगावाहून, काही तर परदेशातून येणार आहेत. त्यांना मुंबईत एक दिवस मोकळा मिळाला, तर त्यांनी मॉलच्या वाटेला न जाता आपल्या पूर्व किनाऱ्यावर, गोदीच्या बाजूला जावं असं मला वाटतं. शिवडी-लालबागच्या आपल्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील गिरणीत होते, नाहीतर गोदीत. गिरण्यांवर पुस्तकं झाली, नाटकं झाली. गोदीबद्दल मात्र घरातसुद्धा फारसं बोलणं होत नसे.

मासळी घ्यायची असेल तर पहाटेच भाऊचा धक्का गाठा. ट्रॉलर लागले की लिलाव सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चांगला माल उचललेला असतो. हे 'भाऊ' म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल. प्रवाशांना बोटीत नीट चढता-उतरता यावं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी धक्का बांधला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले कितीतरी चाकरमानी कोकण बोटीने येऊन इथेच उतरले. १७ जुलै १९४७ रोजी इथून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या घरांमध्ये अजूनही तिचं नाव निघतं. आज इथून रेवसला लाँच आणि मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुटते. वेळ असेल तर नुसतं जाऊन-येऊनही छान वाटतं.

तिथून दक्षिणेकडे निघालात की रस्त्यावरच्या पाट्या वाचत चला. दाणा बंदर, चिंच बंदर, मस्जिद बंदर. पूर्वी किनाऱ्यावर लहान लहान बंदरं होती आणि जिथे जो माल उतरे, त्याचंच नाव बहुधा त्या बंदराला पडे. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशा मोठ्या गोद्या झाल्या. भराव पडत गेला तसा समुद्र मागे हटला. बंदरं गेली, नावं राहिली.

खरेदीसाठी मस्जिद बंदर. खजूर, सुकामेवा आणि मसाल्याचे जिन्नस इथे घाऊक भावात मिळतात. किलोभर घेणाऱ्यालाही दुकानदार परत पाठवत नाहीत. मिरची गल्लीत शिरण्याआधी मात्र रुमाल हाताशी ठेवा. या भागाच्या नावातली 'मस्जिद' म्हणजे सॅम्युअल स्ट्रीटवरचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं मानतात. ते १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. दिवेकर हे आडनाव वाचून दचकू नका. ते बेने इस्रायली होते, कोकणातून आलेले आणि आपल्यासारखेच मराठी बोलणारे.

याच पट्ट्यात १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझवायला गेलेले जवान आणि गोदी कामगार मिळून शेकडो माणसं मेली, धान्याची कोठारं जळाली. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो या घटनेमुळे.

दुपारच्या जेवणाला बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वसाहत उभी आहे. तिची आखणी गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांची. तिथे १९२३ पासूनचं 'ब्रिटानिया' हे इराणी हॉटेल आहे. इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरी घातलेला पुलाव आणि वर कॅरॅमल कस्टर्ड मागवा. बंदराचा इतिहास ताटात बघायचा तर यापेक्षा सोपी जागा नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि काही वर्षं कंटेनरच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीवर काम केलं. कुठला डबा कुठल्या जहाजावर, कुठल्या थरात, कधी उतरणार, सगळं पडद्यावर दिसतं. पूर्वी हाच माल सुटा यायचा. पोती, पेट्या, गासड्या. टोळ्या तो पाठीवर वाहायच्या आणि टॅली क्लार्क वहीत एकेक नग मोजायचा. एक जहाज रिकामं व्हायला कितीतरी दिवस लागत. तेवढे दिवस खलाशी, हमाल, कारकून, दलाल सगळे याच गल्ल्यांत जेवायचे, चहा प्यायचे, खरेदी करायचे. इथली हॉटेलं आणि घाऊक पेढ्या जगल्या त्या या संथपणावर. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे वळले. धान्य-मसाल्याचा घाऊक बाजारही त्याच सुमारास वाशीला गेला. तेव्हा आपण शाळेत होतो. घरोघरी 'ओव्हरटाइम कमी झाला' एवढंच कानावर यायचं. ज्या डब्यामुळे ते काम संपलं, त्याच डब्याच्या हिशेबावर पुढे माझा पगार झाला.

गोदीच्या लांबच लांब रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचं नाव आहे. पण पोती वाहिलेल्या आणि वह्या लिहिलेल्या माणसांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. गोदीच्या जमिनीवर पुढे काय उभं राहणार याची चर्चा अधूनमधून पेपरात येते. तिथे काम केलेली आपली वडीलमाणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी कुणी गोदीत होतं, त्यांनी बसून त्यांना विचारावं. कुठल्या शेडमध्ये होता, काय उतरवलंत, दुपारी कुठे जेवायचात. फोनवर रेकॉर्ड करून समितीकडे पाठवा. सगळं नीट लावून ठेवायचं काम माझं.