माळवद गेलं, पत्रे आले आणि थंडी घरात शिरली

सध्या सकाळी मोबाईल उघडला की लातूर-नांदेडच्या तापमानाचे आकडे फिरत असतात. कुणी नऊ म्हणतं, कुणी आठ. खाली कमेंटमध्ये "आमच्याकडं तर याहून जास्त गारठा आहे" असं दहा जणांनी लिहिलेलं असतं. त्या दहा जणांचं बरोबरच असतं. वेधशाळेचा तापमापक उघड्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचं तापमान सांगतो. पत्र्याखाली फरशीवर अंथरुण टाकून झोपलेल्या माणसाला किती थंडी वाजते, हे तो सांगत नाही.

थंडीचे विक्रमही शहरांचेच लक्षात राहतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश, मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. मराठवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दुष्काळ, टँकर आणि लातूरला पाणी घेऊन येणारी रेल्वे. इथं थंडीही पडते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं.

कारण साधं आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, रात्री आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली काळी जमीन सूर्य मावळला की झपाट्यानं उष्णता सोडते आणि ढग नसल्यानं ती अडत नाही. त्यात उत्तरेकडून वारं सुटलं की झालंच. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. नांदेड त्याहून बरंच खाली, गोदावरीच्या खोऱ्यात. पण जड गार हवा रात्री सखल भागाकडं उतरते, म्हणून नदीकाठच्या शेतात पहाटे हात बधिर होतात. दुपारी तीसच्या जवळ आणि पहाटे दहाच्या खाली, असा फरक इथं एका दिवसात दिसतो.

आपल्या पूर्वजांनी या फरकावर उत्तर शोधलं होतं. त्याचं नाव माळवद.

दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी माळवदावर नवी माती पडायची. जाड मातीला तापायलाही वेळ लागतो आणि गार व्हायलाही. दिवसभराची ऊब रात्री हळूहळू आत उतरायची, आणि उन्हाळ्यात रात्रीचा गारवा दुपारपर्यंत टिकायचा. वीज नाही, हीटर नाही, कूलर नाही. चूल घरातच, धूर जायला छताला झरोका. रात्री अंगावर जुन्या लुगड्यांची वाकळ, खाली घोंगडं. माझी आजी म्हणायची, "माळवदात हिव भितीच्या भाईरच ऱ्हातंय." तिचं खरं होतं.

पण याच माळवदानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मारली.

अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आकडा कुठल्या नोंदीतला धरता त्यावर तो बदलतो. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वर होता. एवढ्या भूकंपात एवढी माणसं का गेली, याचं उत्तर घरांतच होतं. गोल दगड, मध्ये नुसती माती, भिंतीच्या दोन पदरांना एकमेकांत बांधणारे आरपार दगड नाहीत. पदर सुटले, भिंती फुगून पडल्या, आणि पिढ्यानपिढ्या वाढत गेलेलं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला आपण श्रद्धांजली वाहतो. त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

भूकंपानंतर पाऊस लागला होता. तो थांबला आणि थंडी आली. वाचलेल्यांना पत्र्याचे तात्पुरते निवारे मिळाले. आमचं गाव औसा तालुक्यातलं, मुख्य पट्ट्याच्या बाहेरचं. आमच्या भिंतींना फक्त तडे गेले. तरीही त्या वर्षी गावात कुणी माळवदाखाली झोपायला तयार नव्हतं. धक्के येतच होते. थोरली माणसं अंगणात बाजा टाकून, लेकरं मधोमध, आणि कडेला शेकोटी. आजी दम्याची. तिला सगळे म्हणायचे आत झोप, ती म्हणायची गारठ्यानं मरते पण दगडाखाली नाही मरणार.

त्या हिवाळ्यात मराठवाड्याच्या मनात जे बसलं ते आजपर्यंत निघालेलं नाही: दगडमातीचं घर म्हणजे मरण, पत्रा म्हणजे जीव. पत्रा हलका, पडला तरी जखम होईल, जीव जाणार नाही. हा हिशोब चुकीचा नव्हता. ज्यांनी घरातली चार-चार माणसं मातीतून काढली, त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून आणि अनेक संस्थांच्या मदतीनं मोठं पुनर्वसन झालं. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. म्हणजे ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे, त्याला सगळ्यात लहान घर. एका खोलीत सहा माणसं मावेनात, तेव्हा लोकांनी पुढं-मागं पत्र्याची शेडं काढली. रुंद रस्ते, लांब-लांब घरं, मोकळं माळरान. जुन्या गावात घराला घर चिकटलेलं असायचं, गल्ली बोळाची असायची, वारं अडायचं. नव्या गावात वारं सरळ दारात.

पत्र्याचं काय होतं, हे ज्यानं त्याखाली रात्र काढली त्याला सांगायला नको. रात्री पत्रा उघड्या आभाळाकडं उष्णता फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ त्याला लागते आणि पहाटे थेंब अंथरुणावर पडतात. उन्हाळ्यात तोच पत्रा तव्यासारखा तापतो. एक घर दोन्ही ऋतूंत माणसाला छळतं.

यात मधला रस्ता होता, हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. भूकंपाच्याच वर्षी, १९९३ साली, भारतीय मानक ब्युरोनं कमकुवत दगड-विटांच्या घरांना भूकंपापासून सुरक्षित कसं करायचं याची मार्गदर्शिका काढली. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार द्या, माळवदावरची जास्तीची माती उतरवा. पुनर्वसनात काही घरं अशी मजबूत केली गेलीही. पण लोकांचा विश्वास उडाला होता आणि सरकारी कामात नवं बांधणं सोपं असतं. गवंड्यांची जी पिढी माळवद घालायची, तिच्या पोरांनी पत्रा आणि स्लॅब शिकला. आज कुणी म्हटलं तरी माळवद घालणारा हात सापडणं कठीण.

आता कुणी म्हणेल, भाऊ, आठ अंश म्हणजे काय थंडी? दिल्ली बघा, काश्मीर बघा. पण थंडीनं जीव जायला बर्फ लागत नाही. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांचा एक मोठा अभ्यास आला होता. त्यात उष्णतेपेक्षा थंडीशी जोडलेले मृत्यू कितीतरी जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे तर मध्यम थंडीतले होते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, दमा उसळतो. भारत त्या १३ देशांत नव्हता. पण आपल्या गावात पौषात किती म्हातारी माणसं जातात, याचा विचार ज्यानं त्यानं करून बघावा. दाखल्यावर "वृद्धापकाळ" असतं. थंडीचं नाव कुठंच येत नाही.

शीतलहर ही केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहे. म्हणजे त्यासाठी आपत्ती निधी वापरता येतो. भूकंप, पूर, गारपीट यांच्याच रांगेत ती बसलेली आहे. पण थंडीत पंचनामा कशाचा करणार? भिंत पडत नाही, ढोर वाहून जात नाही.

म्हणून मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली घरकुलाची. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर, असं गणित ठरलं. या पैशात स्लॅब होत नाही म्हणून अनेक जण वर पत्रा टाकतात. मग पत्र्याखाली बांबूची चटई किंवा दुसरं हलकं छत आणि मध्ये हवेची पोकळी, एवढ्यासाठी तरी वेगळी रक्कम द्या. ते हलकं असतं, भूकंपात धोका नाही, आणि थंडी-ऊन दोन्ही अडतं.

दुसरी विजेची. हरभऱ्याला, गव्हाला थंडी मानवते. पण पाणी द्यायला शेतकऱ्याला रात्रीच जावं लागतं, कारण वीज रात्रीची. अर्धापूरच्या केळीवाल्यांना तर गारठ्यात बाग वाचवायला रात्री पाणी आणि धूर दोन्ही करावं लागतं. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. तुमच्या फीडरवर ती पोहोचली का, हे विचारा.

तिसरी कोपीची. वेळ अमावस्येला आपण शेतात कडब्याची कोप करतो, भज्जी-आंबील खातो, पाहुण्यांना बोलावतो. त्याच मार्गशीर्षात कंधार, मुखेड, जळकोटची माणसं कारखान्यांच्या फडाजवळ कोप्यांत राहत असतात. पहाटे तीनला उठून उसाला भिडतात, लेकरू पाचटावर झोपलेलं. आपली कोप एका दिवसाची, त्यांची पाच महिन्यांची. हंगाम सुरू व्हायच्या आधी कोरडा ओटा, ताडपत्री आणि माणशी एक ब्लँकेट, ही कारखान्याची जबाबदारी म्हणून लिहून घ्यायला काय हरकत आहे?

आणि एक हात जोडून विनंती. बंद स्लॅबच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. माळवदाला झरोका होता, तुमच्या खोलीला नाही.

किल्लारीनंतरचा तो हिवाळा ज्यांनी पत्र्यात किंवा अंगणात काढला, त्यांनी खाली जरूर लिहा. गावाचं नाव आणि तेव्हा अंगावर काय होतं, एवढं लिहिलं तरी चालेल. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून आत्ताच ऐकून ठेवलं पाहिजे.