लेबलावरचे शब्द आणि त्यांची पत



आपल्या बचत गटात ‘पत’ हा शब्द रोजचा आहे. हप्ता वेळेवर भरला की पत वाढते, थकला की जाते. शब्दांचंही तसंच असतं. कारेगावातून पुणे-नगर रस्त्याने जरा चालून बघा. ‘गावरान’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘घरगुती चव’, ‘चुलीवरचं’ हे शब्द पाट्यांवर, पिशव्यांवर, मोबाइलवरच्या जाहिरातींत सगळीकडे दिसतील. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली, खोली घेऊन राहणारी माणसं ही आपल्या चटणी-पापडाची गिऱ्हाईकं. सगळ्यांच्याच पुड्यांवर तेच शब्द असतील, तर त्यांनी आपलीच पुडी का उचलावी? हा प्रश्न आजचा नाही. म्हणून आज आपण थोडं मागे जाऊ.

पहिला शब्द ‘स्वदेशी’. पुण्यात 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यामागे होते गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत. विलायती कापड सोडून ते हातसुताचं कापड वापरू लागले, आणि 1877 च्या दिल्ली दरबारातही तेच साधे कपडे घालून गेले. राजेरजवाड्यांच्या झगमगाटात तो पांढरा वेश उठून दिसला. काकांना ‘मी स्वदेशी’ असं सांगावं लागलं नाही, अंगावरचं कापडच ते सांगत होतं.

पुढे 1905 साली बंगालची फाळणी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून जो पैसाफंड उभा राहिला, त्यातून आपल्याच जिल्ह्यात, तळेगावला, 1908 साली काचेचा कारखाना निघाला. स्वदेशी शब्दाला मान आला. आणि ज्या शब्दाला मान येतो, त्याच्यामागे व्यापारही धावतो.

‘खादी’च्या बाबतीत तेच झालं. गांधीजींच्या चळवळीत खादीचा अर्थ पक्का होता: सूत हाताने कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं. पण खादीला मागणी आली, तसं गिरण्यांचं जाडंभरडं कापडही खादी म्हणून बाजारात येऊ लागलं. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नसे. तोटा कुणाचा? चरख्यावर दिवसभर बसणाऱ्या बाईचा. तिच्या कष्टाचं नाव दुसराच वापरत होता. म्हणून 1925 साली स्थापन झालेला चरखा संघ खऱ्या खादीच्या दुकानांना प्रमाणपत्र देऊ लागला. शेवटी 1934 साली खादी या नावाच्या रक्षणासाठी कायदाच करावा लागला. हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुताचं, हाताने विणलेलं कापड असेल तरच त्याला खादी म्हणायचं, असं त्यात ठरलं. एका शब्दाची पत राखायला सरकारला कायदा करावा लागला, मैत्रिणींनो!

आता तुपाकडे या. एके काळी ‘तूप’ एवढं म्हटलं की पुरे होतं. 1937 साली डालडा बाजारात आला. वनस्पती तेलापासून बनवलेला, दिसायला तुपासारखा आणि स्वस्त. त्याला लोक ‘वनस्पती तूप’ म्हणू लागले आणि कुणी कुणी तो खऱ्या तुपात मिसळूही लागले. मग खऱ्या तुपाला ‘शुद्ध’, ‘असली’, ‘देशी’ अशी एकेक झूल चढवावी लागली. पण भेसळ करणाराही डब्यावर ‘शुद्ध’ लिहितोच! तेव्हा उपाय निघाला तो वेगळाच. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तीळतेलाची खूण प्रयोगशाळेत पटकन सापडते. तुपात वनस्पती मिसळलेलं असेल, तर चाचणीत लालसर गुलाबी रंग येतो. शेतमालाची प्रत ठरवून ‘अ‍ॅगमार्क’चा शिक्का देण्याचा कायदाही 1937 चाच. म्हणजे भेसळ पकडली ती तिळाने, ‘शुद्ध’ या शब्दाने नव्हे.

आज आपल्यासमोर ‘सेंद्रिय’ हा शब्द आहे. 2017 च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून माल विकायला साधारणपणे प्रमाणपत्र लागतं. स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यात सूट आहे. शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेतं तपासायची, अशीही प्रमाणपत्राची एक पद्धत आहे. ती गटाला परवडणारी आहे. 2018 च्या नियमांनी ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ हे शब्द कधी वापरायचे याला मर्यादा घातल्या. गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असं ‘घरगुती’ही लिहिता येत नाही. जून 2024 मध्ये तर फळांच्या रसाच्या डब्यांवरचं ‘100 टक्के’ काढायला कंपन्यांना सांगण्यात आलं. तेव्हा लेबल छापायच्या आधी हे विचारून घ्या. छापलेली हजार लेबलं वाया जाणं गटाला परवडत नाही.

हीच गोष्ट आपल्या कागदांची. 2001 हे देशात महिला सबलीकरण वर्ष म्हणून साजरं झालं. तेव्हापासून ‘सबलीकरण’, मग ‘सक्षमीकरण’, ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द प्रत्येक अर्जात आणि अहवालात येऊन बसले. ‘गटामुळे महिलांचे सक्षमीकरण झाले’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळतं? त्यापेक्षा किती जणींच्या नावावर स्वतःचं खातं आहे, किती जणींचं नाव सातबाऱ्यावर लागलं, सावकाराचं कर्ज कितीजणींनी फेडलं, हे लिहा. बँकेचे साहेबही तेच वाचतील.

पुडीवरही तसंच करा. ‘अस्सल गावरान चवीची पारंपरिक चटणी’ असं लांबलचक लिहिण्याऐवजी लिहा: शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, मीठ. तेल नाही. कुटल्याची तारीख. वजन. गटाचं नाव, गाव आणि अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक. वाचणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या सगळ्या पुड्या मधोमध ठेवा. वाचता येणाऱ्या एकीने लेबल मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी प्रत्येक शब्दाला विचारायचं, ‘हे दाखवता येईल का?’ दाखवता येणार नाही तो शब्द खोडा. जो उरेल, तो ठळक छापा.