साउथ डाउन्समधील सायकल मार्ग

साउथ डाउन्स ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत पूर्व-पश्चिम पसरलेली खडूच्या खडकाची टेकड्यांची रांग आहे. हॅम्पशायर परगण्यातील विंचेस्टर शहरापासून ससेक्समधील ईस्टबोर्नपर्यंत ती पसरलेली असून पूर्व टोकाला पांढऱ्या कड्यांच्या रूपाने इंग्लिश खाडीत संपते. या रांगेच्या माथ्यावरून जाणारा साउथ डाउन्स वे, तिला छेदणारे जुन्या रेल्वेमार्गांवरील सायकलपथ आणि किनाऱ्यालगतचे रस्ते मिळून दीर्घ पल्ल्याच्या सायकल प्रवासाचे एक प्रसिद्ध क्षेत्र तयार झाले आहे. या टेकड्यांचा बहुतांश भाग २०१० साली घोषित झालेल्या साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात मोडतो.

नावातील 'डाउन' या शब्दाचा आजच्या इंग्रजीतील 'खाली' या अर्थाशी संबंध जोडल्यास गोंधळ होतो. तो जुन्या इंग्रजीतील टेकडी या अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

भूरचना

उत्तर क्रिटेशस कालखंडात उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुनखडीयुक्त कवचे साचून हा खडक तयार झाला. पुढे भूकवचाला घडी पडून खडूचा मोठा घुमट वर उचलला गेला. घुमटाचा मधला भाग झिजून गेला आणि दोन कडा उरल्या. त्यांपैकी उत्तरेकडील नॉर्थ डाउन्स आणि दक्षिणेकडील साउथ डाउन्स होत. या इतिहासामुळे साउथ डाउन्सची उत्तर बाजू तीव्र उताराची आहे, तर दक्षिण बाजू समुद्राकडे संथपणे उतरते. उत्तरेच्या खेड्यांमधून माथ्यावर चढणाऱ्या सायकलस्वाराला थोड्या अंतरात दीडशे मीटरपर्यंत चढावे लागते. दक्षिणेकडून हीच उंची कित्येक किलोमीटरांत विभागली जाते.

खडूचा खडक सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि माथ्यावर ओढे जवळजवळ आढळत नाहीत. मुरलेले पाणी उत्तरेच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, म्हणून जुनी खेडी एका ओळीत तेथेच वसली आहेत. माथ्यावर पूर्वी गुरामेंढरांसाठी माती व खडू चेचून उथळ तळी बांधत असत. प्रवाशाच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की पाणी, जेवण किंवा मुक्कामासाठी बहुधा खाली उतरावे लागते आणि दुसऱ्या दिवशी तोच चढ पुन्हा चढावा लागतो. साउथ डाउन्स वेवर ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ बसवलेले आहेत. नकाशावर त्यांच्या जागा आधी पाहून ठेवणे हा येथील नियोजनाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

साउथ डाउन्स वे

विंचेस्टर ते ईस्टबोर्न हा सुमारे १६० किलोमीटरांचा मार्ग ब्रिटनमधील 'नॅशनल ट्रेल' या दर्जाच्या मार्गांपैकी एक आहे. त्याचा पूर्वेकडील मोठा भाग १९७२ साली अधिकृतपणे खुला झाला आणि नंतर तो पश्चिमेस विंचेस्टरपर्यंत वाढवण्यात आला. पादचाऱ्यांबरोबरच घोडेस्वार व सायकलस्वारांनाही संपूर्ण लांबी पार करता येईल, असे त्याचे स्वरूप आरंभापासूनच ठेवण्यात आले. रांगेचा सर्वोच्च माथा तीनशे मीटरपेक्षा कमी असला तरी मार्गातील चढांची एकूण बेरीज चार हजार मीटरच्या आसपास भरते. पायी चालणाऱ्यांना हा मार्ग पूर्ण करण्यास साधारण आठ ते नऊ दिवस लागतात आणि सायकलस्वार बहुधा दोन ते चार दिवसांत तो पुरा करतात. वारा प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून येत असल्याने बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात.

विंचेस्टर सोडल्यावर शेतांमधून जाणारी वाट मीओन नदीच्या खोऱ्यात उतरते आणि पुढे २७० मीटर उंचीच्या बट्सर हिलच्या परिसरात पोहोचते. त्यानंतर हार्टिंग डाउनपासून ॲम्बरलीपर्यंतचा पट्टा वनाच्छादित व तुलनेने निर्जन आहे. बिग्नर हिलवर ही वाट चिचेस्टरहून लंडनकडे जाणाऱ्या स्टेन स्ट्रीट या रोमन रस्त्याला छेदते. ॲम्बरली येथे अरुन नदी ओलांडली की पुन्हा मोठा चढ लागतो. रांगेला तोडून समुद्राकडे जाणाऱ्या अरुन, अडूर, ऊझ आणि कक्मिअर या चार नद्यांमुळे ससेक्समधील प्रवासाची लय ठरते: प्रत्येक वेळी जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरायचे आणि पुन्हा दोनशे मीटर चढायचे. थकवा येतो तो या चार खोऱ्यांमुळे, माथ्यावरील वाटेमुळे नव्हे.

वॉशिंग्टन गावाच्या पूर्वेस चँक्टनबरी रिंग हा लोहयुगीन गढीचा अवशेष आहे. तेथे १७६० साली लावलेल्या बीच वृक्षांचे वर्तुळ दूरवरून ओळखू येत असे. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात त्यांपैकी बहुसंख्य झाडे पडली व नंतर नवी लावण्यात आली. पुढे डेव्हिल्स डाइक ही खोल कोरडी दरी, क्लेटन येथील 'जॅक' आणि 'जिल' या दोन पवनचक्क्या आणि २४८ मीटर उंचीचे डिचलिंग बीकन हे टप्पे येतात. डिचलिंग गावाकडून बीकनवर चढणारा डांबरी रस्ता सुमारे दीड किलोमीटर लांबीचा असून त्याचा सरासरी चढ ९ टक्क्यांच्या आसपास आहे. लंडन ते ब्राइटन या वार्षिक धर्मादाय सायकल फेरीतील हा शेवटचा मोठा चढ असतो आणि अनेक जण तो सायकल हातात धरून पार करतात. १९९४ साली टूर द फ्रान्स स्पर्धेचा डोव्हर ते ब्राइटन टप्पाही याच चढावरून गेला होता.

ऊझ नदीच्या खोऱ्यात रॉडमेल व साउथईझ ही गावे लागतात. रॉडमेल येथे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे घर आहे. त्यानंतर फर्ल बीकनवरून वाट ॲल्फ्रिस्टनला उतरते आणि तेथे मार्गाचे दोन फाटे होतात. सेव्हन सिस्टर्स व बीची हेडच्या कड्यांवरून जाणारा फाटा केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. सायकलस्वार व घोडेस्वारांनी विंडोव्हर हिल आणि जेव्हिंग्टनमार्गे आतील वाटेने ईस्टबोर्नला जायचे असते. या वाटेवर समुद्रकड्यांचे दर्शन हुकते, परंतु विंडोव्हर हिलच्या उत्तर उतारावर कोरलेली 'लाँग मॅन ऑफ विल्मिंग्टन' ही भव्य मानवाकृती याच टेकडीवर आहे. ती नीट पाहायची तर पायथ्याच्या विल्मिंग्टन गावातूनच पाहावी लागते.

सायकलस्वारांचा हक्क

इंग्लंडच्या कायद्यात 'फूटपाथ' म्हणजे केवळ चालण्याची सार्वजनिक वाट, तर 'ब्रायडलवे' म्हणजे पायी व घोड्यावरून जाण्याचा हक्क असलेली वाट. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने ब्रायडलवेवर सायकल चालवण्याची मुभा दिली. मात्र पादचारी व घोडेस्वारांना आधी वाट देण्याचे बंधन त्याच कायद्याने घातले. साउथ डाउन्स वेवरील सायकल प्रवास मुख्यतः या एका तरतुदीवर उभा आहे. फूटपाथवर सायकल चालवण्याचा असा हक्क नसल्याने ॲल्फ्रिस्टनजवळचा फाटा ही केवळ सोयीची बाब राहत नाही. कड्यांच्या माथ्यावर बंदीचे सुरक्षेच्या दृष्टीनेही समर्थन केले जाते: लाटांनी पाया पोखरल्यामुळे खडूचे कडे पूर्वसूचनेशिवाय कोसळतात. बर्लिंग गॅप येथील किनाऱ्यालगतची काही घरे कडा मागे सरकल्यामुळे पाडावी लागली आहेत. बीची हेडचा कडा १६२ मीटर उंच असून तो ब्रिटनमधील सर्वांत उंच खडूचा समुद्रकडा आहे.

वाटेचा पृष्ठभाग व गवताळ प्रदेश

कोरड्या हवेत खडूची वाट कठीण व वेगवान असते; पावसानंतर तिच्यावर पांढरट चिकट लगदा तयार होतो आणि त्यावर चाक घसरते. खडूत सापडणाऱ्या चकमकीच्या दगडांच्या कडा धारदार असल्याने टायर फाटण्याचे प्रकार नित्याचे आहेत. त्यामुळे रस्त्यावरच्या अरुंद टायरच्या सायकलीपेक्षा माउंटन बाइक किंवा रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल येथे अधिक उपयुक्त ठरते.

शतकानुशतके मेंढ्या चरल्यामुळे येथे आखूड गवताचे कुरण तयार झाले. त्याच्या एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत वनस्पती जाती आढळू शकतात. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी मोठे क्षेत्र नांगरले गेले आणि नंतरच्या रासायनिक शेतीने उरलेल्या कुरणांचे तुकडे पडले. ओल्या दिवसांत चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने जाणारी चाके व पावले ही वाट रुंद करत नेतात आणि हानी नेमक्या याच उरलेल्या गवताची होते.

छत्री स्मारक

ब्राइटनच्या उत्तरेस पॅचमजवळील टेकडीवर संगमरवरी 'छत्री' उभी आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर ब्राइटनच्या रुग्णालयांत उपचार झाले. रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडाही त्यासाठी रुग्णालय म्हणून वापरला गेला. तेथे मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर या टेकडीवर अंत्यसंस्कार करण्यात आले. मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले. स्मारकाचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी तयार केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांनी त्याचे अनावरण केले. सैनिकांची नावे कोरलेले स्वतंत्र स्मारक शेजारी उभारण्यास २०१० साल उजाडले. क्लेटनच्या पवनचक्क्यांजवळ साउथ डाउन्स वे सोडून दक्षिणेकडे उतरणाऱ्या वाटेने येथे पोहोचता येते. मोटाररस्ता थेट स्मारकापर्यंत जात नाही.

रेल्वेमार्गांवरील व किनाऱ्याचे पथ

१९६० च्या दशकात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सपाट सायकलपथ तयार झाले आहेत. सुमारे ५९ किलोमीटरांचा डाउन्स लिंक नॉर्थ डाउन्सला शोरम बंदराशी जोडतो. शोरम येथे अडूर नदीवरील अठराव्या शतकातील लाकडी पूल आता केवळ पादचारी, घोडेस्वार व सायकलस्वारांसाठी राखीव आहे. पूर्वेकडील कुकू ट्रेल हीथफील्डपासून पोलगेटकडे उतरतो. हीथफील्डच्या जत्रेत वसंतातील पहिला कोकिळ सोडला जातो या स्थानिक समजुतीवरून हे नाव पडले.

२०१२ साली खुला झालेला लंडन–पॅरिस 'ॲव्हन्यू व्हर्ट' मार्ग न्यूहेवनहून बोटीने फ्रान्समधील दिएपला जातो. इंग्लिश खाडीपलीकडे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही खडूचेच पांढरे कडे आहेत. दिएपच्या मागे हा मार्ग जुन्या रेल्वेवाटेने फोर्ज-लेझो गावापर्यंत जातो.