नंदीपासून मोटारीपर्यंत : लहान गाड्यांचा इतिहास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, भंडारा जिल्ह्यातील साकोलीस आणि एकूणच नागपूरकडील मुलखात जे बैल मिरवतात, त्यांना चारा लागत नाही, वेसण लागत नाही, आणि ते कोणास मारीतही नाहीत. ते लाकडाचे असतात, त्यांच्या पायांखाली चाके असतात, आणि त्यांचे धनी अजून धड शाळेतही रुळलेले नसतात. ह्या सणास तान्हा पोळा म्हणतात. मुले आपापल्या नंदीस झूल, बेगड व घुंगरू घालून तोरणाखाली आणतात. नंतर तो घरोघर नेतात. घरची बाई बैलास आणि त्याच्या छोट्या धन्यास ओवाळते व मुलाच्या हातावर बोजारा म्हणून काही पैसे ठेवते. पुण्या-मुंबईकडील पुष्कळ घरांत ह्या सणाचे नावही माहीत नसते. वैदर्भीय घरांत मात्र माळ्यावर एखादा तरी लाकडी नंदी सापडतोच.

आता प्रश्न असा की, बैलास चार पाय असताना चाके कशाला? उत्तर सोपे आहे. खऱ्या बैलाचे काम ओढण्याचे. लाकडी बैलाचे काम ओढले जाण्याचे. दोरीच्या एका टोकास मूल आणि दुसऱ्या टोकास बैल, अशी ही अदलाबदल होय. परंतु ही साधी युक्ती किती जुनी आहे हे पाहू गेल्यास साकोलीहून बरेच पश्चिमेस, प्रवरेच्या काठी जावे लागते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे स्थळ आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे खोड खणून काढताना ब्राँझच्या चार ओतीव वस्तू मिळाल्या. पहिली वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि त्यात उभा असलेला सारथी १६ सेंटिमीटर उंचीचा. उरलेल्या तीन वस्तू म्हणजे रेडा, हत्ती व गेंडा. रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या बैठकीची चाके तेवढी नाहीशी झाली आहेत. गेंड्यास कोणी गाडीला जुंपीत नाही. तरी त्याच्याही पायांखाली भरीव चाके आहेत. म्हणजे तान्ह्या पोळ्यातील नंदीची जी रचना, तीच ह्या प्राण्यांची. पुष्कळ संशोधक ह्या वस्तू उत्तर हडप्पा काळातील मानतात. धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळल्यामुळे डी. पी. अग्रवाल ह्यांनी मात्र त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात, असे मत मांडले. ह्या वस्तू पूजेच्या होत्या की मिरवणुकीच्या, हेही निश्चित झालेले नाही. तथापि वाहनाची लहान प्रतिकृती मन लावून घडविणारा कारागीर महाराष्ट्राच्या भूमीत फार प्राचीन काळी असावा, असे त्यांवरून वाटते.

ह्यात इतिहासाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. लाकडी गाडी कुजते, वाळवी लागून मातीस मिळते. सिंधू संस्कृतीच्या नगरांतील खरी लाकडी गाडी आज उरलेली नाही. परंतु हडप्पा व मोहेंजोदडो येथे भाजलेल्या मातीच्या गाड्यांच्या चौकटी आणि चाके विपुल सापडली, चन्हुदडो येथे ब्राँझच्या लहान गाड्या मिळाल्या. आणि त्यांवरूनच त्या काळच्या गाडीचा सांगाडा कसा होता, चाक भरीव होते की आऱ्यांचे, ह्याचा विचार विद्वानांस करता आला. मोठी गाडी गेली आणि लहान गाडी तिची साक्षीदार म्हणून उरली. मूल ज्यास खेळणे समजले, तेच पुढे इतिहासाचे साधन झाले.

वाङ्मयातही लहान गाडीने मोठा मान मिळविला आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीने खेळला. ती परत गेल्यावर तो रडू लागला, म्हणून रदनिका दासीने त्यास मातीची गाडी करून दिली. ती त्यास आवडेना, तेव्हा वसंतसेनेने आपले अलंकार काढून तीत भरले. देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकांस ही कथा पाठ आहे. परंतु सोन्याची गाडी दुसऱ्याची व आयती होती, मातीची गाडी घरच्या माणसाच्या हातची होती, आणि नाटकास नाव मिळाले ते ह्या दुसरीचे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

तान्ह्या पोळ्याचे जनकत्व नागपुरात परंपरेने दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांकडे दिले जाते. शेतीस आधार झालेल्या जनावराची किंमत लहानपणीच कळावी, हा त्यांचा हेतू होता असे सांगतात. हे राजे १८१६ साली वारले. तेव्हा परंपरा खरी धरल्यास सण दोनशे वर्षांहून जुना ठरतो. साकोलीचा मुलूख हा झाडीपट्टीचा, धानाच्या बांध्यांचा आणि सागवानाच्या जंगलाचा. तेथे शेतकऱ्याची बंडी ज्या वाढयाने केली, तोच पोळ्याच्या सुमारास त्याच्या मुलासाठी उरल्यासुरल्या लाकडाचा नंदी करी. एकच वाकस, एकच पटाशी आणि एकच हात. माप तेवढे वेगळे. त्यामुळे खेळण्यात खोटेपणा नसे. ज्यास मोठ्या चाकाचा आस कसा बसतो हे ठाऊक, त्याने लहान चाकाचाही आस तसाच बसवावा, हे स्वाभाविकच होते.

लहान वस्तू करणे मोठीहून सोपे असते, असा एक समज आहे. तो चुकीचा होय. मोठ्या बंडीचे प्रत्येक माप दहाने भागले म्हणजे लहान बंडी तयार होत नाही. लाकडाचे तंतू दहापट बारीक होत नाहीत; म्हणून हिशेबाने तासलेला आरा पहिल्याच धक्क्यास मोडतो. तसेच दोन्ही चाके आसास घट्ट ठोकली, तर गाडी सरळ चालते, पण वळणावर फरफटते. कारण वळताना बाहेरच्या चाकास अधिक वाट चालावी लागते. चाके आसावर मोकळी फिरती ठेवली व टोकास खीळ मारली, म्हणजे ती सुखाने वळते. मोटारीत ह्याच अडचणीसाठी मागच्या आसावर दातेरी चक्रांची वेगळी योजना करावी लागली. स्वतः चाक बसविणाऱ्या मुलास हे पुस्तकाशिवाय समजते. विकत आणलेली गाडी ओढणाऱ्यास ते समजण्याचे कारणच पडत नाही.

मोटारीचा उल्लेख आला तो प्रसंगानेच आला. साकोली हे नागपूर-रायपूर हमरस्त्यावरचे गाव. इंग्रजी अमदानीत ह्या वाटेस ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाली व आता तिचा क्रमांक ५३ आहे. ज्या वाटेने बंड्या गेल्या, त्याच वाटेने पुढे मोटारी व मालट्रका गेल्या. आणि खेळण्यांनीही तीच वाट धरली. जत्रेत पत्र्याच्या मोटारी आल्या. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी ह्यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून डिंकी ह्या नावाने ओतीव धातूच्या छोट्या मोटारी विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच निघाले. हे संच जोडून, त्यांत एखादे चाक बदलून, एखादे छत कापून त्यास नवे रूप देणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. आणि एकही भाग विकत न घेता सर्व काही स्वतः घडविणाऱ्यांचा दुसरा.

ह्या दुसऱ्या वर्गास मोठी शिस्त लागते. मुंबईच्या रस्त्यांवर परिचित झालेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनी मोटार उदाहरणार्थ घेऊ. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २,३४० मिलिमीटर. एकास चोवीस ह्या प्रमाणात ते साडेसत्त्याण्णव मिलिमीटर होते. हे माप बरोबर धरले व बाकीची अंदाजाने घेतली, तर गाडी ओळखू येत नाही. म्हणून खऱ्या गाडीची पुष्कळ मापे आधी टिपावी लागतात. नंतर लाकडाचा ठोकळा घेऊन पुठ्ठ्याचे साचे लावीत त्यास अंग आणावयाचे, चाके चरकावर कातावयाची, दिव्यांच्या कडा पितळी तारेच्या करावयाच्या. खऱ्या मोटारीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा; त्याचा चोविसावा भाग साध्या कागदाहूनही पातळ होतो. असा पत्रा हातात टिकत नाही. म्हणून कारागीर पत्रा जाडच घेतो आणि जेथे दृष्टी पडते तेवढी कड तासून पातळ करतो. बंडीच्या आऱ्याची अडचण आणि मोटारीच्या पत्र्याची अडचण ह्या अशा एकाच जातीच्या आहेत.

अमेरिकेत ह्या छंदास शिक्षणाचे स्वरूप आले होते. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी एक कारागीर-संघ काढला. प्रारंभी मुलांनी नेपोलियनच्या शाही बग्गीची प्रतिकृती करावयाची, आणि तिचे भाग स्वतःच्या हाताने घडवावयाचे, असा नियम होता. १९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारींचे नमुनेही स्वीकारले जाऊ लागले. उत्तम कारागिरास महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ साली मोठे पारितोषिक मिळविणारा चार्ल्स जॉर्डन पुढे १९८६ साली त्याच कंपनीच्या मोटार-रेखन विभागाचा प्रमुख झाला. हा उपक्रम १९६८ पर्यंत चालला. त्यात मुलींना प्रवेश नव्हता, हे त्याचे वैगुण्य. परंतु लहान गाडी करणाऱ्या हातातूनच मोठी गाडी निर्माण होते, हे त्याने सिद्ध केले. साकोलीच्या वाढयाकडे क्रम उलट होता, एवढाच काय तो फरक.

आता प्रस्तुतच्या स्थितीकडे वळावे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नर जनावरांची संख्या २०१२ च्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली आढळली. शेतात ट्रॅक्टर आला, बंडीच्या लाकडी चाकाची जागा रबरी टायरने घेतली. मोटारीचीही तीच गत. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. म्हणजे दायमाबादच्या वेळी जे घडले, तेच आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडत आहे. मोठी वस्तू जात आहे, आणि तिची साक्ष देण्याचे काम लहान वस्तूवर येत आहे. अशा वेळी लहान वस्तू खरी असली पाहिजे. जूं कोठे बसते, शिवळा कोठे येतात, धाव कशी चढवितात, हे जीत बरोबर उतरलेले नाही, ती बंडी शोभेची झाली, पुराव्याची नव्हे.

तान्ह्या पोळ्यास आजही ठिकठिकाणी स्पर्धा होतात व बक्षिसे दिली जातात. पण ती बहुधा सजावटीस आणि मुलांच्या वेषभूषेस. बेगडास बक्षीस देण्यास हरकत नाही. परंतु त्याबरोबर एक बक्षीस अशा मुलास किंवा मुलीस द्यावे की, जिने घरच्यांच्या अथवा वाढयाच्या मदतीने, खऱ्या बंडीची मापे घेऊन, चालणारी व वळणारी लहान बंडी केली असेल. तिच्या तळाशी गावाचे नाव, वर्ष आणि प्रमाण कोरावे. खऱ्या बंडीस हात लावलेले वृद्ध कारागीर अद्याप गावोगाव आहेत; त्यांस विचारता येते तोवर हे काम सोपे आहे. पुढे ते संशोधकांस करावे लागेल, आणि दायमाबादच्या रथाप्रमाणेच त्याविषयी मते पडतील.