अर्धविरामांची ओळ

२००१ साली मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हीबी सिक्समध्ये लिहीत होतो. सहा शाखा, प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा आणि सर्व्हरचं नाव थेट कोडमध्ये. म्हणजे शाखेगणिक वेगळी एक्झी, वेगळी सीडी. भोरच्या एक्झीत मी शिरवळच्या सर्व्हरचं नाव घातलं. सोमवारी सकाळी काउंटरपुढे रांग, आणि पडद्यावर संदेश: सर्व्हर अस्तित्वात नाही किंवा प्रवेश नाकारला. दोहोंपैकी नेमकं काय, ते तो संदेश कधीच सांगत नसे. स्वारगेटहून एसटी पकडून दुसरी सीडी घेऊन पोचलो, तेव्हा कॅशियर काका हाताने पावत्या फाडत होते.

तेव्हापासून कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी ओळ, मी फार जपून हाताळतो.

पूर्वी प्रत्येक डेटाबेसची स्वतःची लायब्ररी असे. डेटाबेस बदलला की जोडणीचा सगळा कोड बदला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं आणि जे जे बदलू शकतं ते एका ओळीत मावलं: ड्रायव्हर, सर्व्हर, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये अर्धविराम. १९९७ मध्ये जावाच्या जेडीबीसीने हीच माहिती वेबपत्त्याच्या धर्तीवर मांडली. पण ती ओळ ठेवायची कुठे, हे प्रत्येकाने आपापलं ठरवायचं होतं.

मला वाट दाखवली एका सीनियरने. रिकामी टेक्स्ट फाइल करायची, शेवटचं टीएक्सटी खोडून यूडीएल लिहायचं आणि डबल क्लिक. खिडकी उघडते, सर्व्हर निवडायचा, ‘टेस्ट कनेक्शन’ दाबायचं. मग तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली की आत ओळ तयार! कोडमध्ये फक्त फाइलचं नाव द्यायचं. सहाही शाखांना एकच एक्झी झाली, त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो.

पासवर्ड मात्र त्या फाइलीत उघडा. कित्येक ठिकाणी तर तो नव्हताच: ‘एसए’ हे सर्वाधिकारी खातं, पासवर्ड कोरा. मे २००२ मध्ये स्पायडा नावाच्या वर्मने १४३३ पोर्टवर असेच सर्व्हर हुडकले. आमचे सर्व्हर इंटरनेटवर नव्हते, तरी मी सहाही शाखा फिरून पासवर्ड घातले.

२००५ च्या डॉटनेट २.० मध्ये वेब.कॉन्फिग फाइलीत या ओळींसाठी स्वतंत्र विभाग आला. तो एन्क्रिप्टही करता येई. २०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्सने ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ ही मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. त्यातली कसोटी मला सर्वांत पटते: तुमचा कोड या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? म्हणून ओळ कोडबाहेर, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये.

गेल्या महिन्यात टीममधल्या मुलीने कोडमधून पासवर्ड काढून टाकला, काम छान केलं. मी तिला गिटच्या जुन्या नोंदी उघडून दाखवल्या. तीन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये ती ओळ जशीच्या तशी होती. दुपारच्या जेवणाआधी आम्ही दोघांनी बसून डेटाबेसचा पासवर्डच बदलला.