येरवड्याच्या काठावरचे नाव आणि किहीमची सुगरण

१/ येरवड्यात मुळा-मुठेच्या काठावरील झाडी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखली जाते. त्या सालिम अलींचे (१८९६–१९८७) एक गाजलेले संशोधन मात्र घनदाट अरण्यात नव्हे, राहत्या घराजवळ घडले. #थ्रेड

२/ एकोणिसाव्या शतकात भारतातील पक्षिशास्त्र मुख्यतः बंदुकीवर चाले. ए. ओ. ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी, घरटी व अंडी मिळून सुमारे ८० हजार नमुने होते. पक्षी कोणता, हे त्यातून कळे. तो जगतो कसा, हे क्वचितच.

३/ बालपणी सालिम अलीही त्याच वाटेवर होते. १९०६-०७ च्या सुमारास तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणी अंड्यांवर बसली होती. नर बाहेर खिळ्यावर पहारा देई. त्यांनी तो टिपला. लगेच दुसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि तशी नोंद झाली.

४/ १९३० मध्ये ते जर्मनीहून परतले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीमला राहू लागले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती.

५/ शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास पाहत राहिले. मराठीने नाव स्त्रीलिंगी दिले असले, तरी घरटे विणतो नर. ते अर्धवट असतानाच मादी पारखते. पसंत पडले तर ताबा घेते. मग नर ते पुरे करून दुसऱ्या मादीसाठी नवे आरंभतो. हा शोधनिबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

६/ पुढील सर्वेक्षणांत त्यांनी नमुने गोळा करणे सोडले नाही. परंतु घरट्याचा हा क्रम मेलेल्या पक्ष्याकडून कधीच कळला नसता.

७/ येरवड्यात खिडकीतून सुतारपक्षी पाहणाऱ्यालाही हीच वाट खुली आहे. तारीख, वेळ, झाड आणि ढोली एवढे टिपले तरी पुरे. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट संसार थाटतात. म्हणूनच वठलेले झाड निरुपयोगी ठरवून तोडले, की अनेक पिढ्यांचे घर जाते. काठाला दिलेले नाव सार्थ ठरायचे, तर अशी झाडे उभी राहिली पाहिजेत.